रुसवा वेगळा, अबोला वेगळा

बडोद्याच्या रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन पाट्या आहेत. एक दातांच्या डॉक्टरांची, दुसरी आमच्या थेरपिस्टबाईंची. जिना एकच. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं की आम्ही दोघं एका सुरात सांगायचो, "दाताचं काम आहे." आठ महिने हे चाललं. शेवटी दांडिया बाजारातल्या मावशींनी काळजीनं विचारलं, "अगं, दोघांच्याही दाढा एकदम कशा किडल्या गं?"

लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर 'आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही' हे सांगण्यापेक्षा रूट कॅनाल सांगणं सोपं. मावशींना मी अजूनही खरं सांगितलेलं नाही. पण तीन-चार मैत्रिणींनी हळूच विचारलं, "तिथे, जोडप्यांच्या थेरपीत, नेमकं करतात काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काय करत नाहीत ते सांगते. आपल्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की बैठक बसते. काका येतात, मामी येतात, चहा होतो, "टाळी एका हातानं वाजत नाही" हे वाक्य कुणीतरी टाकतंच, आणि शेवटी दोघांत जो गरीब असेल त्याला "तू जरा समजून घे" असं सांगून सगळे आपापल्या घरी जेवायला जातात. मीही थेरपीला गेले ती निवाडा मिळेल याच तयारीनं. फोनमध्ये नवऱ्याच्या २३ चुकांची यादी होती, तारखांसकट. बाईंनी ती मागितलीच नाही.

दुसरा समज कोर्टाचा. 'समुपदेशन' म्हटलं की लोकांना घटस्फोटाची पायरी दिसते. त्याला कारण आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं घटस्फोटाच्या दाव्यात आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि तिथे समुपदेशक असतात. पण तोवर वकील आलेले असतात, दोन्ही घरं आमनेसामने उभी असतात. थेरपी त्याच्या कितीतरी आधी, नुसतं करमेनासं झालंय अशा वेळी घेता येते. आपल्या बडोद्याचं मला गंमतीचं वाटतं. देशभर लागू होणारा हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण सयाजीराव महाराजांनी संस्थानात घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच केला होता. बाहेर पडायचं दार इथे इतक्या लवकर उघडलं, आणि आत नांदणाऱ्यांनी एकमेकांशी कसं बोलावं हे विचारायला जाताना मात्र आम्ही दातांच्या डॉक्टरांचं नाव पुढे करतो.

तर बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शेवटचं भांडण कशावरून झालं?" सगळ्यात मोठं नव्हे, शेवटचं. सांगायलाही लाज वाटेल असं ते होतं. मी ऑफिसमधून आले आणि म्हणाले, "आज सुरसागरापाशी काय गर्दी होती!" तो फोन बघत म्हणाला, "हं." मी म्हणाले, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." तो म्हणाला, "आता मी काय केलं?" मी म्हणाले, "तेच तर, काहीच करत नाहीस." तो उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेले. त्यानं स्कूटरची किल्ली उचलली आणि खंडेराव मार्केटमधून दोन किलो वांगी घेऊन आला. फ्रिजमध्ये एक किलो आधीच होती.

चार मिनिटांचं भांडण. पहिले दोन तास त्यावरच गेले.

बाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्यावर बाण. ही दार वाजवते, तो आत सरकतो. तो आत सरकला की ही जोरात वाजवते. जोरात वाजलं की तो आणखी आत. मग त्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझा पेशंट हा आहे. तुम्ही दोघं नाही." त्या दिवशी मला ते जरा नाटकी वाटलं होतं. पण या प्रकारच्या थेरपीचं सगळं काम या गोलावरच चालतं.

या पद्धतीला भावनाकेंद्री थेरपी म्हणतात. १९८० च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ती जोडप्यांसाठी बांधली. तिचं मूळ मात्र लहान मुलांच्या अभ्यासात आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांचं म्हणणं असं की मुलाला आईची ओढ नुसती दुधासाठी नसते, सुरक्षित वाटण्यासाठी असते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आई खोलीतून थोडा वेळ बाहेर गेली आणि परत आली की तान्ही मुलं काय करतात याचं बारकाईनं निरीक्षण केलं. हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको. रविवारी कमाटीबागेत बसा. छोट्या गाडीच्या स्टेशनपाशी एखादं पोर आईचं बोट सोडून धावतं, दहा पावलांवर थांबतं, मागे वळून बघतं. आई आहे. मग पुन्हा धावतं. आई दिसली नाही की एक पोर भोकाड पसरतं. दुसरं मात्र काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं माती उकरत बसतं. दुसऱ्याला कमी भीती वाटते असं नाही. त्याला ती दाखवायची सवय राहिलेली नाही.

१९८७ साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की मोठेपणी जोडीदाराबाबतही आपण बरेचसे असेच वागतो. मी भोकाड पसरणारी. नवरा माती उकरणारा. बडोद्यात ती माती वांग्यांच्या रूपानं घरी येते इतकंच.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी बाईंनी त्याला विचारलं, "ती 'भिंत' म्हणाली तेव्हा तुमच्या आत काय झालं?" तो बराच वेळ किल्लीच्या रिंगवर अंगठा फिरवत राहिला. मी बोलायला तोंड उघडलं, बाईंनी हातानंच थांबवलं. मग तो म्हणाला, "मला वाटतं, मी पुन्हा नापास झालो. आता काहीही बोललो तरी चुकणारच. म्हणून गप्प बसतो." चौदा वर्षं मी त्या गप्प बसण्याला गुर्मी समजत होते. चटकन डोळ्यांत पाणी आलं वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. एवढी वर्षं हे सांगायला काय झालं होतं? पण घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी प्रथमच त्याचं ते 'हं' वेगळ्या कानानं ऐकलं.

आता आपल्या भाषेतल्या दोन शब्दांकडे येते, कारण इंग्रजीतल्या पुस्तकी शब्दांपेक्षा मला तेच जास्त उपयोगी पडले. रुसवा आणि अबोला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीत माणूस बोलत नाही. पण रुसलेलं माणूस कान देऊन बसलेलं असतं. पावलांचा आवाज येतोय का, कुणी विचारतंय का. रुसवा काढावा लागतो, तो काढला जावा हीच रुसणाऱ्याची इच्छा असते. अबोला धरतात. त्यात कान बंद असतात. दोन माणसं एका ताटात जेवतील, पण मीठ मुलामार्फत मागतील. बाईंना हा फरक सांगितला तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतला. त्या गुजराती. पण बडोद्यात जन्म गेलेला, त्यामुळे मराठी छान समजतं.

अमेरिकेत सिॲटलला जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, ठोके मोजायच्या तारा अंगाला लावून, भांडणं चित्रित केली. त्यांच्या निरीक्षणात चार गोष्टी संसार पोखरतात: माणसालाच नावं ठेवणं, तुच्छतेनं बोलणं, दर वेळी स्वतःचा बचाव करत राहणं, आणि भिंत होऊन बसणं. ही भिंत म्हणजे आपला अबोला. चौघांत तुच्छता त्यांनी सर्वांत घातक मानली, आणि मला ते पटतं. आरडाओरडा विसरला जातो. "तुला काय कळणार" हे नाही विसरलं जात. या गॉटमनांचा एक दावा होता की घटस्फोट कुणाचा होणार हे ते नव्वद टक्क्यांहून जास्त अचूक सांगू शकतात. त्यावर इतर संशोधकांनी बरीच टीका केली आहे, कारण ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलेलं होतं. निकाल लागल्यावर भविष्य सांगण्यासारखंच ते. तेव्हा तो आकडा कुणी तोंडावर फेकला तर घाबरू नका. चार गोष्टी मात्र घरात शोधून बघा.

त्यांचीच आणखी एक गोष्ट आमच्या घरी फार कामाला आली. भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. शरीर धोक्याच्या तयारीत गेलेलं असतं, ऐकणारा भाग जणू रजेवर. अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबावं. नवऱ्याच्या मनगटावर ते ठोके मोजणारं घड्याळ आहे. एकदा तो सोफ्यावर शांत चेहऱ्यानं बसलेला असताना मी ओरडत होते, आणि त्यानं न बोलता हात पुढे केला. १०८. जपमाळच. चेहऱ्यावर एक रेष हललेली नव्हती. मी तिथेच थांबले.

थांबण्याचा एक नियम मात्र पाळावा लागतो. जो उठून जाईल त्यानं परत कधी येणार ते सांगून जायचं. "मला अर्धा तास दे, नऊला बोलू." हे सांगितलं तर ती विश्रांती, नाही सांगितलं तर पुन्हा वांगी.

जवळीक म्हणजे काय हे मी इतके दिवस चुकीच्या जागी शोधत होते. लग्नाचा वाढदिवस, महाबळेश्वर, भेटवस्तू. 'आज काय गर्दी होती' या वाक्यात गर्दीची माहिती द्यायची नसते. ती हाक असते. त्या हाकेला मान वर करून "हो का? कशाची गं?" इतकं म्हटलं तरी पुरतं. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा बारीकसारीक हाका नोंदवल्या आणि सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. त्यांच्या नोंदीनुसार जी टिकली त्यांनी ८६ टक्के वेळा हाकेला प्रतिसाद दिला होता, जी विभक्त झाली त्यांनी ३३ टक्के. म्हणजे टिकलेल्यांचंही शंभरातलं चौदा वेळा लक्ष नव्हतंच. मला हे चौदा फार धीर देतात.

मग सराव. एकानं दोन-तीन वाक्यं बोलायची, दुसऱ्यानं उत्तर न देता तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे तुला असं वाटतं की..." पहिल्यांदा आम्ही शाळेतल्या नाटुकल्यासारखे हसत सुटलो. पण इथे बडोद्याचा एक फायदा झाला. मी भांडते मराठीत, आणि बाईंना नीट कळावं म्हणून तेच गुजरातीत सांगायला जायची. एकदा मला म्हणायचं होतं, "हा मला गृहीत धरतो." गुजरातीत त्याला नेमका शब्द चटकन सापडेना. शब्द सापडेना म्हणून उदाहरण द्यावं लागलं. उदाहरण असं की रोज पहाटे डबा करते, संध्याकाळी तो रिकामा येतो, धुतलेला येतो, पण चौदा वर्षांत आत काय होतं यावर एक अक्षर आलेलं नाही. नवरा म्हणाला, "धुऊन आणतो ना, म्हणून तर." त्याच्या हिशेबी धुतलेला डबा हीच पावती होती. 'गृहीत धरणं' यावर आम्ही अजून दहा वर्षं भांडलो असतो. डब्यावर पाच मिनिटांत बोलून झालं.

सगळं सुटतं असं समजू नका. कितीतरी मतभेद कायमचे असतात, आणि ते तसे असतात हे कळणं हाही थेरपीचाच भाग. नवऱ्याला गाडी सुटायच्या दीड तास आधी बडोदा स्टेशनवर बसायचं असतं. मला दहा मिनिटं भरपूर. हे आमच्या मरणापर्यंत असंच राहणार. आता फक्त एवढं झालंय की तो रिक्षानं पुढे जातो. नवरात्रात तर थेरपी महिनाभर बंदच पडली. नवरात्राच्या रात्री बडोद्यात कुणाचं मन ताळ्यावर असतं? त्या महिन्यात आम्ही पार्किंगवरून असे भांडलो की तोवरचं सगळं काम वाया गेलं असं वाटलं. बाई म्हणाल्या, "समेट किती दिवसांनी झाला?" दुसऱ्या दिवशी दुपारी. आधी आठवडा लागायचा. त्यांनी ते प्रगतीत धरलं.

आता अवघड विषय. शरीराचा. मराठीत या विषयावर मोकळेपणानं लिहायची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात डॉ. आंबेडकरांनी मांडली. शंभर वर्षं होत आली, आणि मी हा परिच्छेद लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आधी डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, पाळी जाण्याच्या सुमाराचा कोरडेपणा, यांनी इच्छा मंदावते किंवा दुखतं. 'प्रेम आटलं' असं माणूस समजतो आणि असतं साखरेचं. दुसरी गोष्ट ऐकून नवरा चमकला. काही आठवडे शरीरसंबंध बंद. नुसता स्पर्श. आधी पाठ, हात, केस. काही साधायचं नाही, कुठे पोचायचं नाही, कसं वाटतं एवढं सांगायचं. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये ही रीत मांडली आणि पुढे लैंगिक समस्यांवरच्या थेरपीत ती सर्रास वापरली गेली. कारण साधं आहे. परीक्षा रद्द केली की भीती जाते.

मग बाईंनी विचारलं, "घरी खोलीचं दार लागतं का?" आम्ही दोघंही हसलो. मांजलपूरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत मुलगा आणि सासूबाई. दार लागतं, पण त्याची कडी इतकी करकरते की ती लावली हे अख्ख्या मजल्याला कळेल. म्हणून चौदा वर्षांत ती आम्ही क्वचितच लावली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेल का नाही घातलं?" आम्ही दोघंही गप्प. तेल घातलं असतं तर का घातलं हे सगळ्यांना कळलं असतं ना! पुस्तकांत जवळिकीच्या वाटेतले अडथळे म्हणून बालपणातल्या जखमा दिलेल्या असतात. आपल्या घरांमध्ये जागा, भिंती आणि सासूबाईंची झोप यांचाही नंबर वरचा आहे, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. घरात मारहाण होत असेल, धाक असेल, पैसे-फोन काढून घेतले जात असतील, तर जोडीनं थेरपी घेऊ नका. एका खोलीत नवऱ्यासमोर खरं बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते. आधी सुरक्षितता. त्यासाठी महिलांची १८१ ही हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तिथे गोल काढून उपयोग नाही.

थेरपिस्ट शोधताना पाटीवर जाऊ नका. 'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. ती विचारायला संकोच नको. औषधं मात्र डॉक्टरच देतात. जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं शिक्षण घेतलंय का हेही विचारा, कारण एकट्या माणसाला ऐकणं आणि दोघांना एकदम ऐकणं ही फार वेगळी कामं आहेत. आणखी एक प्रश्न पहिल्याच दिवशी: एकानं एकांतात काही सांगितलं तर ते दुसऱ्यापासून लपवणार का? प्रत्येकाची रीत वेगळी असते, आधी माहीत असलेली बरी. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्यांना गुप्तता राखणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक केलं आहे. आणि थेरपिस्ट सल्ला देत "तुम्ही बायकांनीच जरा नमतं घ्यायचं" असं म्हणाले, तर फी देऊन उठा. ते काम मामी फुकट करतात. पैसे किंवा धीर, दोन्ही नसेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. सुरुवातीला एकट्यानं गेलात तरी चालतं. गोलातला एक बाण बदलला तरी गोल तसाच राहत नाही.

आमचं शेवटचं सत्र मार्चमध्ये झालं. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी नवऱ्यानं शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली, स्टुलावर बसून कडीवर तीन थेंब घातले, आणि ती दहा-बारा वेळा मागेपुढे केली. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते, मान वर करायची हिंमत होईना. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "बरं झालं रे बाबा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून करकरत होती ती."